नोंदवहीबाहेर

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. शाळेतून येऊन नुकताच चहा टाकला होता, तर फाटकाशी शेजारची आंटी उभी. एका हातात शंभर पानी वही, दुसऱ्या हातात पेन. आमच्या वाड्यावर सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, फिरते तेव्हा कुठल्या दिवशी कोणाच्या घरी मुक्काम, याची यादी तिच्याकडे असते. आदल्या घरातून मेणबत्त्या घेऊन गात गात मूर्ती निघते, पुढच्या घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो, रात्रभर सायबीण तिथेच राहते आणि दुसऱ्या दिवशी शेजारी जाते. "सायबीण तुगेर येतली मगो, बाय?" असं विचारून आंटी पेन वहीवर टेकवून थांबली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, स्वतःच म्हणाली, "तू मिसाक येना न्हय, म्हूण विचारलें." मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात नाही, म्हणून तिने विचारलं होतं. आवाजात टोमणा नव्हता. उलट, नको असेल तर नको म्हणायला ती मला वाट करून देत होती. मी म्हटलं, "येतली." तिने नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुढच्या घराकडे वळली.

इतक्या पटकन मी हो कशी म्हणाले, हे त्या रात्री मला छळत राहिलं. चर्चची पायरी सोडून मला काही वर्षं झाली आहेत. उत्तर गोव्यात, बार्देशातल्या आमच्या गावात ही लपून राहण्यासारखी गोष्ट नाही. रविवारी सकाळी पहिली घंटा झाली की गल्लीत इस्त्रीच्या कपड्यांचा आणि अत्तराचा वास दरवळतो, म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून उतरण उतरतात, पोरांच्या बुटांचा आवाज येतो. कोण कुठल्या बाकावर बसतं हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे रिकामी जागाही दिसते. त्या वेळी मी स्वयंपाकघरात नारळ खवत असते. नवरा बोटीवर असतो, सुट्टीवर आला की एकटा मिस्साला जातो आणि येताना पाव घेऊन येतो. त्यावरून आमच्यात भांडण झालेलं नाही. पण तो घरी नसतो तेव्हा घंटा वाजत असताना घरात मी आणि माझं खवणं एवढंच उरतं. हात थांबतो. ओठ मात्र सवयीने पुटपुटू लागतात, आणि मी ते थांबवत नाही, कारण ती नुसती सवय नाही. त्या प्रार्थनेतला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे.

माझं माहेर सावंतवाडीचं. मोती तलावाच्या काठाने चालत आम्ही मिस्साला जायचो, आई पुढे, आम्ही भावंडं मागे. शाळा मराठी, घरात मालवणी, आजीचा तेर्स कोकणीत आणि तिची लदाइन, म्हणजे एकामागोमाग विनवण्यांची प्रार्थना, लॅटिनमध्ये. तिला त्यातलं अक्षर कळत नसे, पण 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणताना डोळे भरून यायचे. माझा बाप्तिस्मा तिथल्या वहीत आहे. सिंधुदुर्गाचा धर्मप्रांत २००५ साली वेगळा झाला, त्याआधी आम्ही पुण्याच्या धर्मप्रांतात होतो, म्हणून जुन्या दाखल्यावर पुण्याचं नाव. लग्न गोव्यात झालं तेव्हा त्याची खबर टपालाने सावंतवाडीला गेली आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाचीही नोंद झाली. कॅथलिक माणूस कुठेही गेला तरी त्याची मूळ वही त्याच्या मागे असते. लहानपणी मला याचा केवढा आधार वाटे! जगात एका कपाटात एक जाड पुस्तक आहे, त्यात शाईने माझं नाव लिहिलंय, आणि ते कोणी खोडू शकत नाही.

त्याच वहीवरून पुढे सगळं बिनसलं.

आमच्या गावात बंगल्यांची बांधकामं वाढली तसे झारखंडचे कामगार आले. त्यातले बरेच ख्रिस्ती, आदिवासी, कॅथलिक. एक पस्तिशीचा माणूस दर रविवारी चर्चमध्ये अगदी मागे, दाराजवळ उभा असायचा. बाकावर जागा असली तरी बसत नसे. कोकणी येत नव्हती, पण उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, हे त्याला बरोबर माहीत होतं. मिस्सा जगात कुठेही तशीच असते ना. एक दिवस तो परांचीवरून पडला आणि गेला. मृतदेह गावी न्यायचा तर पैसा कुठून आणणार? त्याच्या चुलतबहिणीने इथेच मूठमाती द्यायचं ठरवलं. आणि मग सुरू झाली विचारपूस. हा आपल्या पारिशीचा, आपल्या चर्चच्या हद्दीतला, आहे का? बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे? फोनवर फोटो आला, तर म्हणे असल कागद हवा. शेवटी सांगण्यात आलं की जागा नाही. आमच्याकडच्या दफनभूमीत बहुतेक थडगी काही कायमची नसतात. काही वर्षांनी अस्थी काढून ठेवतात आणि तीच जागा पुढच्याला देतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फादर अवघडून गेले होते, पण चर्चच्या कमिटीपुढे त्यांचं चाललं नाही. तिसऱ्या दिवशी कोणा भल्या माणसाच्या ओळखीने दुसऱ्या एका शहरात जागा मिळाली. तिथे आम्ही मोजकीच माणसं होतो. त्याच्या बहिणीने मातीची मूठ टाकली, मग माझ्या हातात माती दिली, जणू मीही त्यांच्यातलीच.

त्या दिवसांत मी शुभवर्तमान पुन्हा काढून बसले. येशूला स्वतःचं थडगं नव्हतं. अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खोदून ठेवलेली कबर त्याला दिली. दाखला मागितला नाही. आणि ज्यांनी येशूला मारायला दिलं त्या मुख्य याजकांनीही, विश्वासघातकी शिष्य यहूदाने परत फेकलेल्या चांदीच्या नाण्यांतून कुंभाराचं शेत विकत घेतलं, तेही कशासाठी, तर परक्यांना पुरण्यासाठी. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. किती वेळा वाचलं होतं, ऐकलं होतं, पण परक्यांना पुरण्यासाठी हे शब्द कधी अडले नव्हते. त्या दिवशी अडले. 'मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं', हेही त्याच पुस्तकात दोन अध्याय आधी.

पुढच्या रविवारी मी गेले. प्रसादाच्या रांगेत उभी राहिले. हात पुढे केला. "क्रिस्ताची कूड," फादर म्हणाले. म्हणजे हे ख्रिस्ताचं शरीर. त्यावर मी 'आमेन' म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द. माझ्या पुढे मागे तीच माणसं होती ज्यांनी जागा नाही असं सांगितलं होतं, चांगली माणसं, अडीअडचणीला धावून येणारी, माझ्या बाळंतपणात पेजेचा टोप घेऊन आलेली. एका कुडीला जागा नाकारून ते दुसऱ्या कुडीला आमेन म्हणत होते, आणि त्या रांगेत मी होते. घसा आवळला. तळहातावरची ती पांढरी, पातळ चकती मी खाल्ली, न खाणं हा अपमान झाला असता, पण आमेन म्हटलं नाही. घरी आले ती परत गेले नाही.

मी गाजावाजा केला नाही. पत्र लिहिलं नाही, कोणाशी वाद घातला नाही. महिन्याचं वर्गणीचं पाकीट देणं बंद केलं, एवढंच. पुढे २०२० मध्ये सगळीच चर्चं बंद झाली, लोक मोबाइलवर मिस्सा बघू लागले, त्यामुळे माझं न जाणं काही काळ कोणाच्या नजरेत आलं नाही. दारं उघडली तेव्हा आलं. मग निरोप येऊ लागले. एका बिलिव्हर, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती, मंडळींच्या गटाने घरी येऊन सांगितलं की तुम्ही योग्य पाऊल उचललंत, आता आमच्याकडे या. प्रेमाने बोलत होती माणसं, पण भिंतीवरची सायबीण आधी उतरवा म्हणाली. मी त्यांना चहा दिला आणि नम्रपणे निरोप दिला. मला दुसरं दुकान शोधायचं नव्हतं. नवऱ्याने मात्र फोनवर एकदाच, पण नेमका प्रश्न विचारला: "उद्या तुला काय झालं तर पुरणार कुठे?" समुद्रावरून आवाज तुटत येत होता. गोव्यात चर्च सोडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. इथे दफनभूमी चर्चची, चावीही चर्चकडे. मी त्याला म्हटलं, जिथे त्या माणसाला पुरलं तिथे. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या वाटेवर आधी गेलेली पावलं दिसतात. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये कित्येक वर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही, अट एकच, ख्रिस्तावर प्रेम. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग तिथल्या धर्मभगिनींशी पत्रातून वाद मांडला. ख्रिस्ताला मी मानते, पण म्हणून तुमच्या चर्चचं प्रत्येक म्हणणं डोळे मिटून मानणार नाही, असा त्यांचा बाणा. पंचविशीतली, परक्या देशात, परक्यांच्या घरात राहणारी बाई! मी या दोघांकडे आधारासाठी जाते, आणि दर वेळी थोडी अस्वस्थ होऊन परतते. कारण दोघांनीही माणसं जमवली. टिळकांनी दरबार उभा केला, त्यांच्या हातात दोनच वर्षं होती तरी. रमाबाईंनी केडगावला शेकडो बायकापोरींचं मुक्तिसदन वसवलं. बाहेर पडून नुसतं घरात बसून राहिलेलं त्यांच्यात कोणी नाही.

मी अगदीच घरात बसून नाही. बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या बाहेर हमरस्त्याकडेला फुलांचो खुरीस, म्हणजे फुलांचा क्रूस, आहे, तिथे जाते. वॉर्डात कोणी आजारी असलं की बायका चप्पल काढून मेणबत्ती लावतात, फुलांचा हार घालतात, यात हिंदू किती, ख्रिस्ती किती, कोणी मोजत नाही. गर्दीच्या दिवशी मेणबत्त्या उष्णतेने वाकून एकमेकींना चिकटतात, मेण वितळून एकच थारोळं होतं आणि कुठली कोणी लावली ते ओळखू येत नाही. तिथे उभं राहून मला मोकळं रडता येतं. आईची श्रद्धाही अशीच होती. ईस्टरनंतर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला ती तेलाची बाटली घेऊन जायची. शिरगावची लईराई देवी ही या सायबिणीची बहीण, हे आई सांगायची तेव्हा मावशीच्या घरची गोष्ट सांगितल्यासारखं सांगायची. आमच्या शाळेतल्या मुलांच्या आयाही तेल घेऊन त्याच रांगेत असतात, आणि मला बघून हसतात. या सगळ्याला कुठली वही लागत नाही. गोव्यातल्या वाटेवाटेवरचे खुरीस बघा, वाड्यावाड्यावरची कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, बघा. लोकांनी देवाला नेहमीच दाराबाहेर, झाडाखाली, तिठ्यावर आणून ठेवलं आहे.

तरीही हे पुरत नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं पाहिजे. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवी आग पेटवतात, तिच्यावर मोठी मेणबत्ती लावून फादर अंधारात आत येतात, आणि मग तिच्यावरून एकाची, त्याच्यावरून दुसऱ्याची, अशी ज्योत मागच्या बाकापर्यंत जाते. मेणाचा थेंब बोटावर पडतो, शेजारचं पोर आईच्या केसांना ज्योत लागेल अशी मेणबत्ती धरतं, कोणीतरी दटावतं. घरी एकटीने मेणबत्ती लावता येते. शेजारणीच्या मेणबत्तीवरून लावता येत नाही. आणि प्रसाद तर एकटीला मिळूच शकत नाही. भाकर मोडायला दुसरा माणूस लागतो. येशू म्हणाला, जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तिथे मी आहे. एकट्याचं त्याने तिथे सांगितलं नाही. एकट्याला तो भेटत नाही असं नाही, मला भेटतो. पण त्याने वचन दिलं ते जमलेल्यांना.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, शवाचं दर्शन सुरू झालं. दहा वर्षांनी एकदा येणारा योग, २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत. सावंतवाडीहून माझी माणसं चालत आली होती, वारकऱ्यांसारखी, पायांना फोड, डोक्यावर टोप्या, वाटेत गाणी. त्यांच्याबरोबर मीही से कॅथेड्रलच्या रांगेत लागले. काचेच्या पेटीशी पोचायला तास गेले, आणि पेटीपुढे काही क्षण मिळाले. काळवंडलेला, सुकलेला, एवढासा देह. मनात आलं, हा माणूस तरी कुठे इथला! स्पेनकडच्या नव्हाराचा. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर झोपडीत वारला, तिथेच पुरला गेला, मग मलाक्कात, आणि १५५४ मध्ये इथे आला. एका परक्याच्या कुडीला या भूमीने जवळजवळ पावणेपाचशे वर्षं उराशी धरून ठेवलं आहे. त्याच भूमीतल्या आमच्या गावात दुसऱ्या परक्याला सहा फूट जागा मिळाली नाही. रांग पुढे सरकत होती, स्वयंसेवक चला चला म्हणत होते. मी पेटीला हात लावला आणि मागितलं ते त्या कामगारासाठी मागितलं.

तर सायबीण आली. आदल्या दिवशी मी टेबल काढलं, आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल पसरला, अबोलीचे वळेसर आणले, चणे भिजत घातले. संध्याकाळी गाणं ऐकू येऊ लागलं तेव्हा मी फाटकापर्यंत गेले आणि आंटीने मूर्ती माझ्या हातात दिली. घर भरलं. ज्यांच्याशी माझं बोलणं जवळपास बंद होतं, तेही आले, चपला ओट्यावर काढून खाली बसले. कमिटीतला एक जण तर भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता, त्याच्याइतकं चांगलं आमच्या गावात कोणी गात नाही. शेवटच्या रांगेत त्या कामगाराची चुलतबहीण होती. आता ती समोरच्या बंगल्यात घरकाम करते, तिच्याबरोबर तिच्या गावाकडच्या आणखी दोघी. तेर्साचा चौथा खंड कोण घेणार असं आंटीने विचारलं, तर मी तिच्याकडे बोट केलं. ती हिंदीत म्हणू लागली, 'प्रणाम मरिया', आणि उरलेलं घर कोकणीत उत्तर देत गेलं. कोणी अडखळलं नाही. नंतर उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप, सरबत. कमिटीतल्या त्या माणसाने तिला दोनदा चणे वाढले. मला त्याचा राग यावा की त्याचे हात धरावेत, हे तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर ती ताटल्या धुवायला थांबली. नळाखाली हात धरून म्हणाली, "दीदी, आप मिस्सा में क्यों नहीं आतीं?" मी सांगितलं, तुझ्या भावामुळे. तिला हे ठाऊक नव्हतं. ती दर रविवारी जाते, दाराजवळ उभी राहत नाही, बाकावर बसते. थोडा वेळ ती ताटली घासत राहिली, मग म्हणाली, "चर्च हमारा भी है, दीदी. हम क्यों छोड़ें?"

यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. हा प्रश्न विचारायचा हक्क माझ्यापेक्षा तिचा मोठा. तिचा भाऊ गेला, तरी ती आत आहे आणि त्या जागेवर आपला हक्क सांगते. मी बाहेर आहे, कारण माझ्याच्याने आमेन म्हणवत नाही. दोन्ही खरं आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. मात्र त्या रात्रीनंतर नुसतं नारळ खवत बसवेना. आम्ही दोघींनी मिळून पॅरिश कौन्सिलला अर्ज लिहिला, तिने सांगायचं, मी लिहायचं. दफनभूमीच्या एका भिंतीलगतची जागा, या पारिशीच्या हद्दीत मरण पावणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती माणसासाठी ठेवावी. दाखला नंतर येईल, फोनवर खात्री पुरे. खोदाईचा खर्च आम्ही गोळा करू. खाली तिची सही, माझी सही आणि, न सांगता चष्मा लावून येऊन केलेली, आंटीची सही. अर्ज घेऊन मी चर्चच्या कचेरीपर्यंत गेले. नव्या फादरनी तो पूर्ण वाचला, पुन्हा वाचला आणि बैठकीत मांडतो म्हणाले. बैठक एकदा पुढे गेली आहे. 'नाही' म्हणाले तर दुसरा अर्ज तयार आहे, त्यावर जास्त सह्या असतील. 'हो' म्हणाले तर त्याच रविवारी मी तिच्या शेजारी बाकावर बसणार आहे, आणि प्रसादाच्या रांगेतही लागणार आहे.